मिसिंग

‘मिसिंग’ हा शब्द आमच्या घरात माझ्या आधीपासून राहतो आहे. पुढे शाळेत इंग्रजीच्या बाईंनी त्याचा अर्थ ‘हरवलेला’ असा फळ्यावर लिहिला, तेव्हा मला तो जरा उणाच वाटला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीही तुम्हांला सांगेल की मिसिंग ही गाडी ‘मारते’. चारही सिलिंडर जागेवर असतात, चारही प्लग जागेवर असतात, आणि तरी चौघांतला एक आपली पाळी आली की गप्प बसतो. बाकीचे तिघे त्याच्या वाटणीचा भार ओढत राहतात आणि गाडी हुडहुडी भरलेल्या माणसासारखी जागच्या जागी थरथरते.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे मोटारी दुरुस्त करीत आहेत. जागा भाड्याची, वर पत्रा. एका अंगाला लेथचे दुकान, दुसऱ्या अंगाला डेंटिंगवाला. तो दिवसभर पत्रे ठोकीत असतो. ही माहिती कॉलेजात सांगितली की दोन तऱ्हांचे उद्गार निघतात. वर्गमैत्रिणी म्हणतात, “मग तू इंजिनिअरिंगला का गं नाही गेलीस?” आणि प्राध्यापक मंडळी आपापल्या स्कूटरची तक्रार सांगू लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. दुसऱ्यांना मी आबांचा पत्ता देते.

आबांची ख्याती त्यांच्या कानाची. हाताखाली काम केलेली माणसे अजून सांगतात की, गाडी फाटकाबाहेर उभी असतानाच ‘ही प्लगची मिसिंग आहे’ किंवा ‘ही कार्बोरेटरची आहे’ असे आबा चहाचा कप खाली न ठेवता सांगत. यात थोडी भर पडली असेल. उद्यमनगरात गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत. पण लहानपणी मी स्वतः पाहिलेले आहे. एका प्रीमिअर पद्मिनीच्या बॉनेटवर ते डोळे मिटून कान देऊन उभे होते आणि गिऱ्हाईक, मी, हाताखालचा पोऱ्या असे आम्ही सगळे देवळात उभे राहावे तसे गप्प उभे होतो. डेंटिंगवाल्यानेसुद्धा हातोडी थांबवली होती.

त्या कानाला गेल्या दोनतीन वर्षांत उतार लागला. घरात आधी आईच्या लक्षात आले. फोनवर स्पेअर पार्टवाला ‘साठ’ म्हणाला की आबा ‘आठ’ समजत आणि आठशेच्या हिशेबाने गिऱ्हाइकाला किंमत सांगून बसत. डॉक्टरांनी कानाची तपासणी केली आणि एक आलेख पुढे ठेवला. जाड, खालच्या पट्टीच्या आवाजांसाठी रेघ जवळजवळ सरळ होती. पुढे जाता जाता ४००० हर्ट्झच्या सुमारास ती खड्ड्यात उतरावी तशी खाली गेली होती. वर्षानुवर्षे गोंगाटात काम करणाऱ्यांचे कान बहुधा याच ठिकाणी आधी जातात, असे डॉक्टर म्हणाले. स, श, फ यांसारखी अक्षरे याच वरच्या पट्टीत असल्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. ‘साठ’मधला ‘स’ गेला की उरते ते ‘आठ’च. भाषाविज्ञानाच्या तासाला घर्षक व्यंजने शिकताना मला जी उदाहरणे सुचली ती मी वर्गात सांगितली नाहीत.

कानाचे यंत्र घेतले आहे. आबा ते घरी बातम्या ऐकताना लावतात. गॅरेजात लावीत नाहीत. त्याचे एक कारण ते सांगतात: यंत्र लेथ, हातोडी आणि ग्राइंडर यांचाही आवाज तितक्याच आपुलकीने मोठा करते. दुसरे कारण ते सांगत नाहीत. ज्या मिस्त्रीचे नाव कानामुळे झाले त्याच्या कानात यंत्र दिसले तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हे सांगायची गरजही नाही. तेव्हापासून मी दुपारी कॉलेज सुटल्यावर गॅरेजात जाऊ लागले. उघडपणे मी तिथे बिले लिहिते. फोन मी घेते. बाकीचे काम आम्ही दोघांनी कधी बोलून ठरवलेले नाही.

गेल्या फेब्रुवारीत जयसिंगपूरच्या एका वकिलांची गाडी आली. होंडा सिटी, २००१ सालची, व्हीटेक. आज रस्त्यावर धावणाऱ्या सिटी वेगळ्या. ही त्यांची आजी म्हणायची. ही बांधणी आपल्याकडे १९९८ पासून २००३ पर्यंत विकली गेली आणि तिच्यातला हा १५०० सीसीचा, सोळा व्हॉल्व्हचा प्रकार तेव्हा वेगाची हौस असणाऱ्यांचा जीव की प्राण होता. त्या इंजिनाची खुबी अशी की, फेऱ्या एका मर्यादेच्या वर गेल्या की तेलाच्या दाबाने आतली एक खीळ सरकते आणि हवा आत घेणारे व्हॉल्व्ह अधिक उघडू लागतात, अधिक वेळ उघडे राहतात. खाली गृहस्थ, वर पैलवान. आजही कोल्हापुरात अशा गाड्या जपून ठेवणारी पोरे आहेत आणि ती आबांकडे येतात. वकीलसाहेब पोर नव्हेत, साठीचे आहेत. पहिल्या मोठ्या खटल्याच्या फीमधून ही गाडी घेतली होती आणि मुलगा पुण्याहून फोन करकरून ‘विकून टाका’ म्हणत असताना त्यांनी ती ठेवली होती.

तक्रार अशी की, गाडी उभी असताना थरथरते. सकाळी गार असताना कमी, तापली की जास्त. सिग्नलला उभे राहिले की बंद पडते की काय असे वाटते. पण पायाने जोर दिला की सुरळीत. वाघबीळचा चढ ती पूर्वीसारखीच चढते, असे ते अभिमानाने म्हणाले. आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी नवे प्लग, नव्या प्लगवायरी, डिस्ट्रीब्युटरची नवी कॅप आणि रोटर असे सगळे घालून झाले होते. जुने भाग आणि बिले त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून आणली होती, पुराव्यासारखी. म्हणाले, “मिस्त्री, आता हेड उघडायला लागणार असेल तर सांगा. मग मी मुलाचं ऐकतो आणि गाडी काढून टाकतो.”

हल्लीच्या गाड्यांत हा प्रश्न निदान सुरुवातीला तरी सोपा असतो. २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींत ऑन-बोर्ड डायग्नोस्टिकची दुसरी पायरी आली. कुठला सिलिंडर पाळी चुकवतो आहे याची नोंद गाडीचा संगणक स्वतःच ठेवतो आणि स्कॅनर जोडला की सांगतो. ही गाडी त्याआधीची. तिच्यात संगणक आहे, दिवाही आहे, पण तो दिवा सेन्सर बिघडला तर पेटायचा. ही थरथर त्याच्या गावीही नव्हती.

आबांनी गाडी सुरू ठेवायला सांगितली आणि पुढच्या मडगार्डवर तळहात टेकून ते उभे राहिले. जाड आवाज त्यांना ऐकू येतोच. शिवाय मिसिंग ही हाताला कळते. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेऱ्या घेते. चार सिलिंडर, दोन फेऱ्यांत प्रत्येकाचा एक भडका, म्हणजे सेकंदाला पंचवीस. त्यांतला प्रत्येक चौथा गायब. सेकंदाला सहा वेळा कुणीतरी पायरी चुकते आहे. मोजता येत नाही, पण अंगाला कळते. आबा तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवीत. ते म्हणतात, ठेक्यातली थाप गाळली की उरलेल्या थापांवरूनच ती कुठे होती ते कळते.

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. “कागद दे.” मी वहीतले एक कोरे पान फाडून दिले. ते त्यांनी सायलेन्सरच्या तोंडापुढे, चिमटीत धरून, लोंबते ठेवले. निरोगी गाडीचा धूर कागदाला सारखा बाहेर ढकलीत राहतो. हे पान बाहेर फडफडत होते आणि मध्येच एकदम आत ओढले जाऊन नळीच्या तोंडाला चिकटत होते. पुन्हा फडफड, पुन्हा चिकट. धूर बाहेर टाकणारा एखादा व्हॉल्व्ह पुरता मिटत नसला तर पिस्टन खाली जाताना हवा उलटी ओढली जाते, आणि ते असे कागदावर दिसते. ही युक्ती फार जुनी आहे. पूर्वीचे मिस्त्री दहाची नोट धरीत. आबांच्या भिवया किंचित वर गेल्या. हेच कारण, असे ते तेव्हाच म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. वकीलसाहेबांकडे बघून म्हणाले, “एका साक्षीवर निकाल देत न्हाई न्हवं तुमच्या कोर्टात?” वकीलसाहेब हसले आणि गाडी ठेवून बसने परत गेले.

आबांची पद्धत मला आमच्या काही टीकाकारांपेक्षा आवडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर काय झाले ते बघायचे, आणि मगच दुसरीला हात लावायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही; म्हणजे दुरुस्ती झाली पण ज्ञान झाले नाही. आधीच्या ठिकाणी नेमके हेच घडले होते, फक्त तिथे दुरुस्तीही झाली नव्हती. शिवाय स्वस्तातली तपासणी आधी, महागाची नंतर.

पहिले काम, गप्प बसणारा कोण ते शोधणे. जुन्या फियाटला चालू इंजिनाची एकेक प्लगवायर पकडीने उपसून बघत. ज्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन खाली बसते तो काम करणारा. ज्याची काढूनही काही फरक पडत नाही तो आधीच मेलेला. इलेक्ट्रॉनिक गाडीत हे करायचे नाही, कारण वाट न मिळालेली ठिणगी नाजूक भागांत शिरते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भोवते. त्याऐवजी इंजेक्टरचा सॉकेट काढायचा. पोऱ्याने पहिला काढला. इंजिन मटकन खाली बसले. दुसरा, तसेच. तिसरा काढला, काहीच नाही. चौथा, पुन्हा खाली.

तिसरा.

आता तिसऱ्याचा प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा तिसऱ्यात. दोष प्लगमध्ये असता तर तो प्लगबरोबर पहिल्या सिलिंडरकडे गेला असता. गेला नाही. वायरींचेही तसेच. अंधार पडल्यावर शेडमधला दिवा घालवून, चालू इंजिनाच्या वायरींवर इस्त्रीच्या बाटलीतले पाणी फवारले. वायरीतून वीज गळत असेल तर अशा वेळी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात आणि ते दृश्य, भीती बाजूला ठेवली तर, फार सुंदर असते. त्या रात्री काहीच दिसले नाही. नुसता अंधार, ओल्या गरम लोखंडाचा वास आणि ती थरथर. विजेचे खाते मिटले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन. गाडी तापवून, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करून, चारही प्लग काढून एकेका भोकात गेज लावायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि स्टार्टरने इंजिन फिरवायचे. सिलिंडर हवा किती दाबू शकतो ते पौंडांत कळते. मी वहीत लिहिले: १७५, १७०, ११०, १७५. तिसऱ्यात हवाच टिकत नव्हती. मग ठिणगी पडून तरी काय उपयोग? आबांनी तिसऱ्या भोकात दोन चमचे तेल सोडले आणि पुन्हा मोजले. हवा पिस्टनच्या रिंगांवाटे गळत असेल तर तेल ती फट तात्पुरती भरते आणि आकडा चढतो. आकडा चढला नाही. म्हणजे रिंगा निर्दोष, गळती वरून. व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते आणि शेजारच्या सिलिंडरांचे आकडे चांगले होते, तेव्हा गॅस्केटचा संशय मागे पडला. कागदाची साक्ष आता एकटी राहिली नव्हती.

इथे वाट दुभंगते, आणि पैशांचा प्रश्न इथेच असतो. धूर बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हचे डोके जळून त्याची कड खाल्ली गेली असेल तर हेड उतरवावे लागते. मग वकीलसाहेब गाडी विकणार. पण दुसरी शक्यता असते. व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यात, इंजिन गार असताना, एक बारीक फट ठेवायची असते. या इंजिनात धुराच्या बाजूला ती पाव मिलिमीटरच्या आसपास, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. तापल्यावर दांडा लांबतो. त्याला लांबायला जागा पाहिजे. ती जागा नसेल तर टॅपेट त्याला सतत टेकून राहतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. गार असताना कमी, तापल्यावर जास्त, ही वकीलसाहेबांची तक्रार त्याच्याशी जुळत होती. भरधाव असताना गळायला वेळच कमी मिळतो, म्हणून वाघबीळ सुरळीत. मात्र असे फार दिवस चालले की व्हॉल्व्हला आपली उष्णता बैठकीला देता येत नाही आणि तो खरोखरच जळतो. म्हणजे आज जी दुसरी शक्यता, ती उद्या पहिली होते.

खात्री करायची तर इंजिन रात्रभर गार व्हायला हवे. तोवर एकच गोष्ट विचारता येत होती, आणि ती आवाजाला. फट असलेला टॅपेट आपटतो. बारीक टिकटिक करतो. फट नसलेला गप्प असतो.

आणि ही टिकटिक नेमकी त्या आलेखातल्या खड्ड्यात राहणारी.

आबांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला. त्याचे टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकली की आतला आवाज ऐकू येतो. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ मध्ये रोग्याच्या छातीवर कागदाची सुरळी धरून स्टेथोस्कोपला जन्म दिला. उद्यमनगरातला स्टेथोस्कोप हा असा. त्यांनी पहिल्या सिलिंडरवर टोक टेकले, थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर बराच वेळ. नंतर डोळे उघडले आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्यापुढे धरला. याआधी त्यांनी मला असे विचारले होते, पण पोऱ्या चहा आणायला गेलेला असताना. आज पोऱ्या बॅटरी धरून शेजारीच उभा होता आणि लेथवालाही दारात येऊन टेकला होता.

“ऐक,” आबा म्हणाले. “हाय का न्हाई एवढंच सांगू नको. कसा हाय ते सांग.”

मी मूठ कानामागे टेकली. पहिल्यांदा नुसता कल्लोळ ऐकू येतो. माणसाला वाटते, यातून काय निवडणार? थोडे थांबले की थर सुटे होतात. खाली एक घुमणारा आवाज, त्यावर पट्ट्याची सळसळ, आणि त्याच्याही वर, घड्याळाहून पुष्कळ जलद, टिक् टिक् टिक् टिक्.

“पहिल्यावर टिकटिक आहे. कोरडी. नखानं काच वाजवावी तशी.”

“सारखी?”

“सारखी.”

“फुडं.”

“दुसऱ्यावर तीच. थोडी बारीक.” आबांनी टोक तिसऱ्यावर, धुराच्या बाजूला सरकवले. मी थांबले. पुन्हा थांबले. “इथं टिकटिक नाही आबा.”

“मग काय हाय?”

“घरघर.”

“घरघर शंभर तऱ्हेची असती. बेरिंगची असती, कडकड करती. ही कसली?”

मी डोळे मिटले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत असल्या ध्वनींच्या शब्दांची नुसती रेलचेल आहे. आमच्या सरांनी एकदा त्यांतले पुष्कळसे वाचून दाखवले होते, आणि एवढे शब्द या लोकांना लागत तरी कशाला, म्हणून वर्ग हसला होता. त्या क्षणी मला त्यांतला एकही आठवत नव्हता.

“पाण्याखाली डोकं घातल्यावर बाहेरचं ऐकू येतं ना, तशी. बोजड. तिला कड नाही.”

आबा काही बोलले नाहीत. टोक चौथ्यावर गेले. तिथे टिकटिक होती. पुन्हा तिसऱ्यावर, आत घेण्याच्या बाजूला, तिथेही होती. पुन्हा धुराच्या बाजूला. नव्हती. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर फडक्याला पुसून जागेवर ठेवला आणि पोऱ्याला म्हणाले, “इंजिन बंद कर. सकाळी कुणी चालू करू नका हिला.” पोऱ्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. त्याला किती दिवसांपासून माहीत होते कुणास ठाऊक. लेथवाला म्हणाला, “पोरगी तयार केलीसा की मिस्त्री,” आणि आपल्या कामाला गेला. मला वाटते त्यालाही माहीत असावे. उद्यमनगरात एवढ्या गोंगाटात गुपिते तशी सुरक्षित असतात, पण ज्यांना ऐकू येते त्यांचेही कान काही फार चांगले उरलेले नसतात. त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, “यंत्र लावून बघायचं होतं की.” आबांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, “यंत्राला शब्द येत न्हाईत.” यावर आई माझ्याकडे रागाने बघत राहिली, जणू यात माझाच काही हात होता. खरे सांगायचे तर मला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. जूनमध्ये माझी परीक्षा संपली की पुढे शिकायला पुण्याला जायचे घरात घाटत होते. ते त्या दिवशी कुणी बोलले नाही.

सकाळी सातला गार इंजिनाचे वरचे झाकण काढले. आबांचे डोळे शाबूत आहेत आणि बोटे तर विचारूच नका. फिलर गेजच्या पात्या एकेका फटीत घालीत ते चालले. पहिल्याला पाव मिलिमीटरची पाती किंचित अडत सरकली. तशीच सरकायला हवी. तिसऱ्याच्या धुराकडच्या दोन व्हॉल्व्हांपैकी एक बरोबर होता. दुसऱ्यात पाती शिरेना. त्याहून पातळ घातली, शिरेना. सगळ्यांत पातळ, जी वाऱ्यावर लवते, तीही शिरेना. नटावर पान्ह्याचे ताजे चकाकते ओरखडे होते.

वकीलसाहेबांना फोन मीच केला. विचारले की टॅपेटला कुणी हात लावला होता का? थोडा विचार करून ते म्हणाले, हो, दिवाळीच्या सुमारास इंजिनातून बारीक टिकटिक येत होती, ती एका ठिकाणी बंद करून घेतली होती. छान बंद केली, अगदी शांत झाली गाडी. मी आबांना सांगितले. मोठ्याने सांगावे लागले. ते बराच वेळ हसत होते.

फटी जमवल्या. गाडी सुरू केली. थरथर गेली होती. मडगार्डवर ठेवलेला पाण्याचा पेला आबांनी मला मुद्दाम दाखवला. तापल्यावर पुन्हा कॉम्प्रेशन घेतले. तिसऱ्याचा आकडा ११० वरून १५५ वर आला. १७५ झाला नाही. व्हॉल्व्हची बैठक थोडी खाल्ली गेलीच असणार. आबांनी ते लपवले नाही. संध्याकाळी वकीलसाहेब आले तेव्हा माझी वही उघडून आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि हजार किलोमीटर चालवून परत आणायला सांगितले. तेव्हा आकडा टिकला तर ठीक, उतरला तर हेड उघडावे लागेल; आज उघडायला लावले तर ते तुमचे पैसे खाणे होईल. आधी बदललेल्या भागांबद्दल ते काही बोलले नाहीत. प्लॅस्टिकची पिशवी तशीच परत केली.

वकीलसाहेबांनी गाडी वाघबीळपर्यंत नेऊन आणली. परत आले ते खुशीत. इंजिन चालूच ठेवून खाली उतरले, बॉनेटपाशी वाकले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“मिस्त्री, ती टिकटिक परत आली की हो.”

आबांनी त्यांच्या ओठांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मान हलवली.

“येऊ द्या,” आबा म्हणाले. “ती ऱ्हाऊ द्या तशीच. कुणालाबी बंद करू देऊ नका.”

“पण कायम अशीच येत राहणार?”

“ते हिला विचारा,” आबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, “आवाजाचं खातं हिच्याकडं हाय.”

वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि मला ती टिकटिक कशासाठी ते पहिल्यापासून समजावून सांगावे लागले. पोस्टकार्डाची जाडी, तापलेला दांडा, सगळे. तोवर आबा हात धुऊन आले. बिलात मजुरी आणि वरच्या झाकणाचे नवे गॅस्केट, एवढ्या दोनच ओळी होत्या. वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचले, मागची बाजूही पाहिली आणि सुटे नाहीत म्हणून शेजारच्या लेथवाल्याकडे नोट मोडायला गेले.